अर्धी पट्टी तुझी, अर्धी माझी

दस्तगीर, परवा तुझ्या जियारतीला लोक जमले होते. तू गेल्याचा तिसरा दिवस. कुणीतरी म्हणालं, "दस्तगीर डायवर म्हंजे देवमाणूस. जन्मात कुणाशी भांडला न्हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली न्हाय. उठून म्हणणार होतो की हे खोटं हाय. माझ्याशी हा माणूस चौदा वर्षं भांडत होता आणि भांडण अर्ध्यात टाकून गेला. पण तुझी बायको, रशीदाभाभी, दाराआड बसली होती. म्हणून तोंड दाबून बसलो.

दूध संघाच्या सेक्रेटरीनं मला कागद दिलाय. म्हणाला, "नामदेवराव, दस्तगीरवर चार ओळी लिहा, अहवालात छापू. जन्म कधीचा, नोकरीला कधी लागला, किती वर्षं मोटार चालवली." ते सगळं त्याच्या रजिस्टरात हाय. त्यानं लिहावं. मी तिसरी शिकलेला माणूस, मला परक्या माणसासारखं तुझ्यावर लिहिता येत न्हाय. मी तुझ्याशीच बोलतो. छापायचं तर छापू दे, न्हायतर राहू दे.

तू सास्तूरकडच्या आमच्या गावात आलास तो संघाची मोटार घेऊन. संघ नवा, मोटार त्याहून नवी. चेअरमनसाहेबांनी सोलापूरला नेऊन तिच्यात समोर एक काळ्या प्लॅस्टिकची पट्टी बसवून घेतली होती, तुझ्या हातातल्या चाकापासून पार पलीकडच्या दारापर्यंत. वीतभर रुंद. अशी चकचकीत की साहेब खाली उतरायच्या आधी पुढं वाकायचे, त्या पट्टीत तोंड बघायचे आणि टोपी सारखी करायचे. मग दार उघडायचं. हे तू मला नंतर नक्कल करून दाखवलंस. टोपी म्हणून माझंच मुंडासं घेतलंस.

पहिल्या दिवशी मी त्या पट्टीवर अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे शिंग कुठल्या जनावराचं?"

तू पोट धरून हसलास. "शिंग? अरे प्लास्टिक है प्लास्टिक! कोन है रे ये शिंगवाला?"

ते नाव माझ्या अंगाला कायमचं चिकटवलंस. पण मला राग आला न्हाय, कारण मी होतोच शिंगवाला. दहा गावांत बैलांची शिंगं साळायला मलाच बोलवायचे. पोळ्याच्या आधी पंधरा दिवस मला जेवायला घर बघावं लागायचं न्हाय. आधी शिंगाला ओलं फडकं गुंडाळायचं, ते भिजू द्यायचं. मग काचेच्या तुकड्यानं खरवडायचं, मग विटकरीचा भुगा, मग वस्त्रगाळ राख, आणि शेवटी करडईचं तेल. बुडापासून टोकाकडं सरळ घासायचं. माघारी हात आणायचा न्हाय. माझ्या हाताखालचं शिंग उन्हात दिव्यासारखं दिसायचं. हे मी मोठेपणासाठी सांगत न्हाय. व्हय, मोठेपणासाठीच सांगतोय. माझ्याकडं दुसरं काय होतं सांगायला?

तू रोज सकाळी मोटार धुवायचास. एक बादली पाणी, एक मऊ धोतराचं फडकं. आधी नुसतं पाणी सोडायचास, वरनं खाली, धूळ वाहून जाईपर्यंत. त्यानंतर फडकं. आतल्या पट्टीला ओलं फडकं नुसतं टेकवायचास, धूळ उचलून घ्यायचास, फडकं पिळायचास, परत टेकवायचास. मी म्हणायचो, "बाळंतिणीला न्हाऊ घालतोस का रं?" तू म्हणायचास, "पैले पानी, बाद में हात. कोरडा हात लगाया तो खतम. धूल में बारीक बारीक चाकू रहते."

मला ते पटलं होतं. दस्तगीर, तवाच पटलं होतं. आपल्या दोघांचं काम एकच हे मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. पण तुला तसं सांगितलं न्हाय.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्या साली पोळा झालाच न्हाय. बैल होते कुठं? निम्मे बाजारात गेले, निम्मे छावणीत. छावणीतल्या बैलाची शिंगं कोण साळतंय? माझी काच, माझी विटकर, सगळं आढ्याला टांगून ठेवलं आणि मी खडी फोडायला गेलो. तिथनं चेअरमनसाहेबांनी मला उचलून संघाच्या आवारात राखणीला ठेवलं. आवारात पाण्याचा हौद होता. टँकर यायचा, हौदात ओतायचा, आणि गल्लीला घरटी दोन घागरी मोजून द्यायच्या. हौदाच्या झाकणाला कुलूप, आणि किल्ली माझ्या करगोट्याला.

दहा गावांत नाव असलेला माणूस खडी फोडून आला होता. त्याच्या हातात किल्ली आली. ती किल्ली मला शिंगापेक्षा जास्त चमकदार वाटली. आता कबूल करतो.

एक दिवस टँकर आलाच न्हाय. दुसऱ्या दिवशीबी न्हाय. हौदाच्या तळाला हातभर पाणी. बायका पहाटेपासून रांगेत, रिकाम्या घागरी घेऊन. आणि तू आलास. हातात तुझी पत्र्याची बादली, पाऊण भरलेली. सरळ मोटारीकडं गेलास आणि फडकं भिजवलंस.

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बघा बाई, आमच्या लेकरांच्या नरड्याला कोरड, अन् ह्यांच्या मोटारीची आंघूळ."

दुसरी म्हणाली, "किल्लीवाल्याचा दोस्त हाय तो. त्याला कोण अडवतंय?"

हे मला लागलं. मी तुला कुणाला न विचारता हौदातनं पाणी देतो असं त्यांना वाटलं. मलाबी वाटलं की तू माझ्या नजरेआड काढून घेतलंस. मी पळत आलो.

"कुठनं आणलंस पाणी?"

तू वर बघितलंस. "घर से."

"घर से! तुझ्या घरात काय झरा फुटलाय का? बायका उन्हात उभ्या हायत आणि तू मोटारीला पाणी पाजतोस? लाज न्हाय?"

"नामदेवा, हल्लू बोल."

मी हळू बोललो न्हाय. मी बादलीला लाथ मारली. बादली लोळत जाऊन दगडी उंबऱ्यावर आदळली, एका अंगाला खोल चेपली. पाणी फुफाट्यात गेलं आणि बघता बघता जिरलं.  मला वाटलं होतं रांगेतल्या बायका मला शाबास म्हणतील. कुणी म्हणालं न्हाय. एक पोक्त बाई त्या ओल्या मातीकडं बघत राहिली. मला वाटतं तिला त्या मातीची कीव आली असंल, न्हायतर पाण्याची.

तू बादली उचललीस. फडकं पिळलंस. आणि इतकंच म्हणालास, "ठीक है."

त्या दिवसापासून तू मोटार कोरडीच पुसायला लागलास. रोज सकाळी, मला दिसेल असं. कोरडं फडकं, कोरडी धूळ. बाहेरचा पत्रा पुसायचास, मग दार उघडून ती काळी पट्टी. खस, खस. तो आवाज मला हौदापाशी ऐकू यायचा. मला ठाऊक होतं काय होतंय ते. पहिल्यांदा प्लॅस्टिकवर केसागत रेघा आल्या असतील, मग त्या रेघांत रेघा. मी सांगू शकलो असतो की बाबा, वाटीभर तरी पाणी घे, मी देतो. न्हाय सांगितलं. आणि तूबी मागितलं न्हायस. दोन हट्टी रेडे. मधे बिचारी ती पट्टी खरचटत राहिली.

दोन महिन्यांनी साहेब टोपी सारखी करायला वाकले आणि त्यांना पट्टीत तोंडच दिसलं न्हाय. सकाळचं ऊन तिरपं आलं होतं. पट्टीवर सगळीकडं बारीक रेघांचं जाळं, कोळ्यानं विणावं तसं.

"दस्तगीर, हे काय करून ठेवलंस?"

"धूल है साब."

"धूळ सगळ्या जगात हाय. पुढच्या आठवड्यात मंत्री दुष्काळ बघायला येणार. माझ्या मोटारीत बसणार. तोवर हे पहिल्यासारखं झालं पाहिजे. न्हाय झालं तर डायवर दुसरा बघतो."

मी दहा पावलांवर होतो. तू माझ्याकडं नुसतं बोट केलं असतंस तरी पुरलं असतं. साब, ह्यानं पानी बंद केलं. तू माझ्याकडं बघितलंसबी न्हाय. साहेब गेल्यावर माझ्यापाशी आलास, बिडी पेटवलीस आणि म्हणालास, "क्या रे शिंगवाल्या, हाताला गंज चढला का अजून काम येतंय?"

आता सांग, ह्याला भांडण म्हणायचं का काय म्हणायचं? मी म्हणालो, "गंज तुझ्या मोटारीला चढंल. माझ्या हाताला न्हाय."

मोटार लिंबाखाली उभी केलीस. चार स्क्रू काढून पट्टी खाली घेतलीस. आपुन ती पोत्यावर ठेवली आणि मी आढ्याची पिशवी आणली. कितीतरी महिन्यांनी पिशवीला हात लागला होता. 

पहिल्या दिवशी मी माती खाल्ली. मी म्हणालो, ह्याला काय, तेल पाजू. शिंग तेल पितं आणि बारीक रेघ मिटते. करडईचं तेल लावलं, चोळलं, आणि काय सांगू, पट्टी झळकली! एक रेघ दिसंना. मी मिशीला पीळ दिला. तू पट्टी उन्हाकडं तिरपी धरलीस आणि म्हणालास, "छुप गया. गया नहीं."

"अरे मिटलं बघ की!"

"छुप गया रे."

दुसऱ्या सकाळी वाऱ्यानं सगळा फुफाटा त्या तेलाला चिकटला होता. पट्टी घोंगडीसारखी दिसत होती. तेल पुसायला गेलो तर आणखी रेघा पडल्या. प्लॅस्टिक तेल पीत न्हाय. ते जिवंत नसतं. एवढं मला कळायला पाहिजे होतं, पण मी त्याला शिंगच समजत होतो. सबंध तालुक्यात ही चूक मी एकट्यानंच करावी अशी होती.

मग राख काढली. तू म्हणालास, "पैले पीछे की बाजू. उधर कोई देखता नहीं." मागच्या कोपऱ्यात बोटभर जागेवर राख घासली आणि ती जागा मोतीबिंदूच्या डोळ्यासारखी पांढुरकी झाली. नशीब मागं होती.   पुढची लाज तू वाचवलीस, पण तसं बोलून दाखवलं न्हायस.

मग तुलाच सुचलं. दात घासायची पांढरी पावडर. तुझ्या घरात डबी होती, तू दात पांढरे ठेवायचास, लई ऐट. म्हणालास, "ये दात को नहीं खरचटती, इसको क्या करेगी." चिमूटभर पावडर, दोन थेंब पाणी, आणि जुन्या धोतराचं मऊ फडकं. पण आधी पट्टी धुवायला पाहिजे होती, तेल आणि धूळ काढायला. त्याला नुसते थेंब पुरणार नव्हते. मी हौदाकडं बघितलं आणि कमरेची किल्ली मुठीत धरली. तुझ्याकडं बघायचं धाडस झालं न्हाय.

तेवढ्यात रशीदाभाभी तांब्या भरून घेऊन आली. तांब्या खाली ठेवला आणि तुला म्हणाली, "ये भी मोटारीकोच डालो. आज तो नहा लेंगे बोलके रखी थी. पैले भी रोज का नहाने का पानी मोटारच पीती थी. लोगां बोले, डायवर के अंगकू बास आती."

तू एकदम म्हणालास, "चूप."

 पण तिचं बोलून झालं होतं.

मला ऐकू आलं, दस्तगीर. तुला ठाऊक हाय मला ऐकू आलं ते. घरटी दोन घागरीतनं तुझ्या आंघोळीच्या वाट्याचं पाणी तू बादलीत घालून आणायचास. बाकी सगळं पिण्या-शिजवण्याला. तू "घर से" म्हणालास ते खरं होतं. आणि तुझ्या अंगाला वास येतो हे गावात पहिल्यांदा मीच म्हणालो होतो, हौदापाशी, चार माणसांत, हसायला म्हणून.

त्या वेळी मी काय बोलायला पाहिजे होतं ते शेंबड्या पोरालाबी कळलं असतं. दोन शब्द. माझं चुकलं. मी फडकं उचललं, पावडर लावली आणि म्हणालो, "सरळ घासायचं. ह्या टोकाकडनं त्या टोकाकडं."

तू माझ्याकडं बघत राहिलास.  मग म्हणालास, "गोल घासायचं."

"सरळ. शिंगाला दिशा असते."

"हे शिंग न्हाय. ह्याला बूड न्हाय, शेंडा न्हाय. गोल."

"गोल घासलं तर चकरा दिसतील."

"सरळ घासलं तर रेघा दिसतील."

"मला शिकवतोस?"

"हौ. तुला कोणीतरी शिकवायलाच पायजे."

तिथं आपलं भांडण सुरू झालं. लोकांना वाटतं दोन म्हातारे प्लॅस्टिकवरनं भांडतात. आपल्याला दोघांनाच ठाऊक, ते कशावरनं होतं.

शेवटी मधोमध खडूची रेघ मारलीस. डायवरकडची बाजू तुझी, साहेबांकडची माझी. तीन दिवस समोरासमोर बसून घासत होतो. तुझी बोटं नाण्याएवढ्या गोलात फिरायची, माझा हात नांगरासारखा जायचा. मी जोर लावला की तू म्हणायचास, "हल्लू रे, हल्लू. बैल न्हाय पळून जायला." पावडर सुकली की दोन थेंब, परत फडकं. रेघा एकदम जात न्हाईत. आधी जाळं पातळ होतं. मग एकेक धागा तुटतो. एखादी खोल असते ती जातच न्हाय, नखाला लागते, ती राहू द्यायची. तिला घालवायला गेलं तर खड्डा पडतो. हेबी तूच सांगितलंस, आणि मी म्हणालो, मला ठाऊक हाय.

मंत्र्यांच्या दिवशी साहेब पट्टीकडं वाकले. टोपी सारखी केली. काही बोलले न्हाईत. तेवढंच पायजे होतं. तुझी नोकरी राहिली.

आता माझी बाजूबी ऐक. आज तू मधेच तोंड घालू शकत न्हायस, म्हणून सांगतो. दुष्काळात मोटार धुवू नये असं मी आजबी म्हणतो. पाणी कुणाच्याबी वाट्याचं असो. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असताना त्यांच्यासमोर चमकायच्या कामाला पाणी वापरायचं न्हाय. तुला नोकरीची धास्ती होती हे खरं. साहेबांना टोपी बघायची होती हे खरं. मग त्या पट्टीला लाथ मारायला पाहिजे होती, साहेबांना दोन शब्द सुनवायला पाहिजे होते. माझी लाथ कुठं गेली? तुझ्या बादलीकडं. साहेबांनीच मला खडीवरनं उचललं होतं ना. तिकडं पाय उचलायची हिंमत नव्हती. चौदा वर्षं हे माझ्या घशात अडकलंय. ना गिळता आलं, ना थुंकता.

मी दोनदा बोलायला आलो होतो, तुला आठवतं का? एकदा तुझ्या थोरलीच्या लग्नात. तू बिर्याणीच्या डेगेपाशी उभा होतास. मी जवळ आलो आणि म्हणालो, "दस्तगीर, एक सांगायचंय." तू वळलास, हातातला डाव बाजूला ठेवलास, नीट उभा राहिलास. तुझा चेहरा असा झाला होता की तुला कळलंय. आणि मी काय म्हणालो? "तुझ्या बाजूला चकरा दिसतात. काल परत बघितल्या." तू डाव उचललास. "तुझ्या रेघा तर आंधळ्यालाबी दिसतील. जा, जेव जा."

तू त्या दिवशी माझ्यासाठी दार उघडून उभा होतास. मी उंबऱ्यावरनं माघारी फिरलो.

आणि एकदा उमरग्याच्या वाटेवर. माझी गोदा तापानं फणफणली होती, शुद्ध नव्हती. एस्टी दुपारपर्यंत न्हाय. तू साहेबांना न विचारता मोटार काढलीस. मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. निम्म्या वाटेत इंजिन तापलं. तू उतरलास, बॉनेट उघडलंस, मागनं बादली काढलीस. तीच बादली, एका अंगाला चेपलेली. कधी ठोकून नीट केली न्हायस तू ती. इंजिनात पाणी ओतायच्या आधी माझ्याकडं वळून म्हणालास, "मोटार को पानी पिलाना पडता है नामदेवा. आता लाथ मारू नको."

मी हसलो का रडलो ते मला आजबी सांगता येत न्हाय. एवढ्या वर्षांत तू बादलीचं काढलंस ते तेवढंच. आणि तेबी माझी बायको मरायला टेकली असताना, मला हसवायला. गोदा वाचली. दवाखान्याच्या पायरीवर तू चहा पाजलास. तवा तरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "चहात साखर कमी हाय."

मोटार जुनी झाली, विकली गेली. नव्या मालकाला ती पट्टी नको होती. तू ती घरी आणलीस आणि ओसरीत खिळ्यावर टांगलीस, आरसा म्हणून. त्यात बघून दाढी करायचास. तोंड मधोमध यायचं न्हाय, तू मुद्दाम तुझ्या बाजूला सरकून बघायचास. मी आलो की माझ्या बाजूला उभा राहून मिशी सारखी करायचो. भाभी म्हणायची, "दोनों कू एकेक पट्टी ला देती मैं."

आता परत दुष्काळ पडलाय. टँकर तसाच, रांगा तशाच. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला हाय. आणि अशा दिवसांत तू गेलास. भर उन्हाळ्यात, सकाळी नमाज पढून टेकून बसलास आणि उठलाच न्हायस. तुला कुणाला तरास द्यायची सवयच नव्हती.

मी पोचलो तवा ओसरीत माणसं कुजबुजत होती. गुसल घालायचं, मयताला आंघोळ, आणि घरात पाणी न्हाय. टँकर तीन दिवस आला नव्हता. कुणी म्हणालं मशिदीच्या हौदात असंल, तिथला हौद कोरडा. कुणी म्हणालं उमरग्याला माणूस धाडू. भाभी आतनं म्हणाली, "घर में एक घागर है. उसमें हो जाता क्या?"

मी घरी आलो. आमच्या दोन घागरी भरलेल्या होत्या, सकाळीच गोदानं कुठनं कुठनं गोळा केलेल्या. मी एक उचलली.

गोदा म्हणाली, "अवं, दुसरी पण न्या की."

"घरात थेंब राहणार न्हाय."

"त्यानं मला न्हेलं तवा थेंब मोजला व्हता का?"

दोन खेपा केल्या. ह्या वयात, डोक्यावर, उन्हात. लोक म्हणत होते, आण काका, मी घेतो. मी कुणाच्या हातात दिली न्हाय. तुझ्या ओसरीत तुझी बादली पालथी पडली होती. मी ती सरळ केली. चेपलेल्या जागी हात फिरवला. त्या एका अंगाला वीतभर पाणी कमीच मावतं, दस्तगीर. चौदा वर्षं तुला वीतभर पाणी कमी मिळालं, माझ्या पायामुळं. मी दोन्ही घागरी त्यातनं पुन्हा पुन्हा भरून आत दिल्या. त्यांनी पाणी तापवलं, बोरीचा पाला टाकला, चादरीचा पडदा धरला.

मी पडद्याच्या बाहेर उभा राहिलो. मला आत यायचा हक्क न्हाय, ते ठीक हाय. आतनं एका म्हाताऱ्याचा आवाज आला, दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता, "पैले पानी छोडो. बाद में हात. हल्लू. हल्लू."

आणि पाण्याचा आवाज.

तू आंघोळ केलीस, दस्तगीर. माझ्या घरचं पाणी होतं. कुणी मोजलं न्हाय. जमिनीवर पडलं ते जिरत गेलं आणि मी त्या ओल्या मातीकडं बघत राहिलो, त्या रांगेतल्या बाईसारखा. माझं चुकलं, असं मी तिथं म्हणालो. तोंडानं म्हणालो. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय म्हणालात काका?" मी म्हणालो, "काही न्हाय."

आज सकाळी परत तुझ्या घरी गेलो होतो. चार दिवस माणसं येऊन-जाऊन पट्टीवर धुळीचा थर बसलाय. भाभी म्हणाली, "ले जाव भाई. अब इसमें कौन देखता?" मी खांद्यावरचं उपरणं काढलं, पुसायला हात नेला आणि थांबलो. कोरडा हात होता. भाभीकडं वाटीभर पाणी मागितलं. तिनं दिलं. आधी पाणी सोडलं. धूळ ओघळून गेली. मग ओलं फडकं, नुसतं टेकवून. आधी तुझी बाजू, मग माझी. मग दारात नेऊन तिरप्या उन्हात धरली.

तुझ्या अर्ध्यात चकरा दिसतात. बारीक हायत, पण दिसतात. माझ्या अर्ध्यात रेघा दिसतात म्हणतोस, त्या मला दिसल्या न्हाईत. डोळे आता अधू झालेत, ती गोष्ट वेगळी.

पट्टी मी घरी आणली न्हाय. तुझ्याच खिळ्यावर परत टांगली. बादलीच्या भांडणात मी हरलो, ते लिहून दिलंय, सेक्रेटरीला छापू दे. पट्टीच्या भांडणात मातर मी हरलेलो न्हाय. सरळच घासायचं असतं, दस्तगीर. सरळच.